सातारा-सांगली मुलखातील कॅथोलिक शाळेचा पूर्ववृत्तांत

आपल्या धर्मग्रामाच्या या महोत्सवी स्मरणिकेसाठी शाळेचा इतिहास लिहावा, अशी संपादक-मंडळाची आज्ञा झाली व ती आम्ही आनंदाने शिरसावंद्य मानिली. शाळेचे मुख्याध्यापक, इमारती, परीक्षांचे निकाल आणि देणगीदारांची नामावळी यांची वर्षवार हकीकत याच स्मरणिकेत अन्यत्र दिलेली असल्यामुळे तिची पुनरुक्ती येथे करीत नाही. सातारा व सांगली या मुलखात कॅथोलिक शाळा कोणत्या वाटेने आली, ती एवढ्या उशिराने का आली, आणि आली ती कोणासाठी आली, हे तीन प्रश्न आम्ही वाचकांपुढे ठेवणार आहो. पहिल्या दोहोंची उत्तरे इतिहासात सापडतात. तिसऱ्याचे उत्तर प्रत्येक पिढीस नव्याने द्यावे लागते. आणि महोत्सवाच्या निमित्ताने ते देण्याची पाळी आता आपल्यावर आलेली आहे.

आपल्यातील पुष्कळांचा असा समज आहे, की कॅथोलिक शाळा म्हटली म्हणजे ती इंग्रजीच असावयाची. हा समज इतिहासास धरून नाही. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडात जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू १५७९ साली गोव्यास आले व १६१९ साली त्यांचे देहावसान होईपर्यंत तेथील लोकांतच राहिले. नवख्रिस्ती मंडळींनी त्यांस विनविले, की आमचे जुने पुराणग्रंथ सुटले, तेव्हा त्यांच्या जागी वाचावयास आम्हांस आमच्या भाषेत काही द्या. या मागणीतून ‘ख्रिस्तपुराण’ निर्माण झाले आणि १६१६ साली रायतूर येथे छापून निघाले. भाषा मराठी, छंद ओवीचा. परंतु देवनागरी खिळे हाताशी नसल्यामुळे छपाई रोमन लिपीत करावी लागली. हाच ग्रंथ देवनागरीत छापून महाराष्ट्राच्या हाती पडावयास १९५६ साल उजाडावे लागले. ते काम शांताराम बंडेलू यांनी केले. सांगावयाचे तात्पर्य हे, की आपल्या प्रांतातील ख्रिस्ती शिक्षणाचा आरंभ परक्या भाषेच्या आग्रहातून झालेला नाही. लोकांनी आपल्या भाषेत मागितले आणि धर्मगुरूने ती भाषा शिकून दिले. पुढे राज्यकर्त्यांची दृष्टी पालटली. २७ जून १६८४ रोजी गोव्याच्या व्हॉइसरॉयने फर्मान काढून लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावी, असे ठरविले. बोली काही मेली नाही. परंतु तिची पोथी मात्र मागे पडली.

त्या काळी साताऱ्याचा किल्ला व मिरज ही दोन्ही ठाणी विजापूरच्या आदिलशाहीत मोडत होती. याच विजापूरच्या मुलखासाठी रोमने १६३७ साली माथेउस द कास्त्रो यांस बिशपपदाचा अभिषेक देऊन आपले प्रतिनिधी नेमिले. गोव्याच्या दिवाडी बेटावर जन्मलेला हा हिंदी धर्मगुरू बिशप झाला, ही गोष्ट त्या शतकात असामान्य होती. गोव्याच्या पोर्तुगीज सत्तेने त्यांचा अधिकार मानिला नाही व त्यांचे आयुष्य पुष्कळसे वादातच गेले. तथापि एवढे लक्षात ठेवण्यासारखे आहे, की आपल्या या डोंगराळ मुलखाचे नाव धर्मसभेच्या दप्तरात शिवछत्रपतींच्या बालपणीच दाखल झाले होते. नाव दाखल झाले. मात्र त्यामागून शाळा आली नाही, कारण शाळेस जो एका जागी नांदणारा कळप लागतो, तो येथे नव्हता.

तो कळप पुढे जमला, तोही चाकरीच्या निमित्ताने. पेशव्यांच्या लष्करात पोर्तुगीज व गोमंतकीय ख्रिस्ती शिपाई होते. त्यांच्या उपासनेसाठी सवाई माधवरावांनी १७९२ साली पुण्यात देवळास जागा दिली. साताऱ्याचे महाराज प्रतापसिंह यांनी १८२९ च्या तहाने महाबळेश्वरचे पठार इंग्रजांच्या हवाली करून मोबदल्यात खंडाळे गाव घेतले. पठारावर बंगले उठले, आणि बंगल्यांबरोबर गोमंतकातून खानसामे, आचारी व बटलर आले. तेथील होली क्रॉस देऊळ १८३१ सालचे मानले जाते. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत पुणे, मिरज, बेळगाव असा लोहमार्ग झाला. मिरज हे मोठे जंक्शन बनले, आणि गार्ड, ड्रायव्हर, तारमास्तर अशा नोकऱ्यांवर कॅथोलिक कुटुंबे तेथे उतरली. गोव्यातील धर्मग्रामांच्या शाळांत मुलांस प्रार्थनेबरोबर स्वर व वाद्य शिकविण्याची जुनी चाल असल्यामुळे, बँडपथकांतूनही हे लोक ठिकठिकाणी पोचले.

ही मंडळी भाविक खरी, परंतु त्यांचे बिऱ्हाड पाठीवर असे. रेल्वेच्या नोकरास बदलीचा हुकूम आला, की चार दिवसांत गाव सोडावा लागे. महाबळेश्वरी वर्षास दोनशेहून अधिक इंच पाऊस पडतो. मृग लागण्यापूर्वी साहेब लोक खाली उतरत व त्यांच्या मागोमाग त्यांचे आचारीही उतरत. जेथे देऊळच वर्षाचे काही महिने बंद राहावयाचे, तेथे शाळेचा पट कोण ठेवणार? आपल्या मुलखात देऊळ आधी आले आणि शाळा पुष्कळ मागाहून आली, याचे एक मोठे कारण हेच होय. १ सप्टेंबर १८८६ रोजी पोप तेरावे लिओ यांनी पुणे धर्मप्रांत स्थापन केला व येशूसंघाचे बर्नार्ड बायडरलिंडेन हे पहिले बिशप झाले, तेव्हा कोठे या विखुरलेल्या मेंढरांस नजीकचा मेंढपाळ लाभला. तोपर्यंत ज्याची ऐपत असे तो आपला मुलगा पुण्यास धाडी. तेथे १८६७ पासून सेंट व्हिन्सेंट शाळा चालू होती. ज्याची ऐपत नसे, त्याच्या मुलाचे शिक्षण आईच्या जपमाळेपाशी सुरू होऊन बहुधा तेथेच संपे.

पहिली मोठी शाळा आली ती पाचगणीस, आणि तीही हवेच्या गुणामुळे. दांडेघर, गोडवली, आंब्राळ, खिंगर व तायघाट या पाच गावांमधील हे पठार महाबळेश्वराच्या पूर्वेस, पावसाच्या आडोशाला आहे. बारमाही वस्ती करता येईल अशी जागा शोधीत जॉन चेसन येथे आला आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याने हे गाव वसविले. जेथे बारा महिने राहता येते, तेथेच निवासी शाळा चालते. १८९५ साली ‘डॉटर्स ऑफ द क्रॉस’ या संघाच्या धर्मभगिनींनी पाचगणीस सेंट जोसेफ कॉन्व्हेंट शाळा उघडली. मागाहून तेथे इतर पंथांच्या व समाजांच्या शाळा निघाल्या आणि पाचगणी हे विद्येचे गाव म्हणून नावारूपास आले.

या धर्मभगिनींच्या संघाचे मूळ पाहिले, तर आमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे आपोआप येऊन पोचतो. संघाच्या संस्थापिका मारी तेरेझ आझ यांचा जन्म १७८२ साली बेल्जममधील लिएझ शहरी झाला. फ्रेंच राज्यक्रांतीच्या वावटळीत त्यांच्या कुटुंबास परागंदा व्हावे लागले व मोठ्या कष्टात दिवस कंठावे लागले. १८२९ साली त्यांच्या गावच्या धर्मगुरूंनी गोरगरिबांच्या मुलींसाठी मोफत शाळा चालविण्याची विनंती केली, तेव्हा त्यांनी व त्यांच्या भगिनीने ते काम पत्करिले. त्या शाळेतून १८३३ साली हा संघ जन्मास आला. १८७६ साली मारी तेरेझ निवर्तल्या. १९९१ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांस धन्यवादित म्हणून घोषित केले. म्हणजे ज्या संघाने आपल्या जिल्ह्यास पहिली नावाजलेली कॅथोलिक शाळा दिली, त्या संघाचा स्वतःचा उगम गरिबांच्या मोफत शाळेत आहे. पाचगणीच्या इंग्रजी निवासी शाळा त्या काळच्या रीतीप्रमाणे मुख्यत्वेकरून युरोपियन व सधन कुटुंबांच्या उपयोगी पडल्या. तो काळाचा धर्म होता. यात कोणास बोल लावण्याचा आमचा हेतू नाही. परंतु त्याच पठारावर लाकडे फोडणाऱ्या व कपडे धुणाऱ्या माणसाच्या मुलास त्या फाटकातून आत जाण्याची ऐपत नव्हती, हे लिहिल्यावाचून इतिहास पुरा होत नाही.

पाचगणीचा घाट उतरून साताऱ्यास या. कॉन्व्हेंट उघडल्यास पुरी पाच वर्षे होतात न होतात, तोच ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भिवा रामजी आंबेडकर या नावाच्या मुलाचे नाव पटावर १९१४ या अनुक्रमांकास लागले. वर्गात त्यास इतरांपासून दूर, आपल्या घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे. तहान लागली तर शिपायाने नळ उघडून दिल्याशिवाय पाणी मिळत नसे. पुढे हाच मुलगा भारताच्या राज्यघटनेचा शिल्पकार झाला. ती शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल या नावाने ओळखली जाते व तो पट तेथे आदराने जतन केलेला आहे. याच जिल्ह्यातील खटाव तालुक्यातले कटगुण हे जोतीराव फुल्यांचे मूळ गाव आणि खंडाळा तालुक्यातले नायगाव हे सावित्रीबाईंचे माहेर. जोतीराव पुण्यास स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले व १८४८ साली या दांपत्याने पुण्यात मुलींची शाळा काढिली. मिरजेस अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या डॉक्टर विल्यम वान्लेस यांनी १८९४ साली रुग्णालय उभारिले व पुढे वैद्यकशिक्षणही सुरू केले. दुसऱ्यांनी आपल्या आधी नांगर धरिला होता, हे मान्य करण्यात आपणांस कमीपणा नाही.

मग आमच्या मंडळींनी गरिबांच्या शाळेचे काम केलेच नाही काय? केले, परंतु ते पाहण्यासाठी आपल्याच पुणे धर्मप्रांताच्या उत्तर टोकास, अहमदनगर जिल्ह्यात जावे लागते. तो जिल्हा १९८७ साली नाशिक धर्मप्रांत वेगळा होईपर्यंत आपल्याच बिशपांच्या अधिकाराखाली होता. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतर राहुरी तालुक्यातील केंदळ, वळण या गावांच्या परिसरात जर्मन येशूसंघीयांनी काम आरंभिले. तेथे देऊळ आणि शाळा या दोन वस्तू नव्हत्या. मातीच्या भिंतींची एक खोली असे. दिवसा मास्तर तेथे पाटीवर अक्षरे गिरवून घेई. सांज झाली म्हणजे त्याच खोलीत जपमाळ होई. आणि फेरीवरचा धर्मगुरू आला म्हणजे तेथेच मिस्सा अर्पण होई. मास्तर हाच शिक्षक, हाच धर्मशिक्षक, आजाऱ्यापाशी बसून प्रार्थना म्हणणाराही हाच, आणि पुष्कळदा सरकारदरबारी गावकऱ्यांचे अर्ज लिहून देणाराही हाच. भाषा अर्थातच मराठी. गावाने ज्यांस शिवेबाहेर ठेविले होते, त्यांची मुले त्या खोलीत पहिल्या रांगेत बसत.

या मराठी शाळांतून वाचणारे तयार झाले, तसे त्यांस वाचावयास काही हवे झाले; गोमंतकात तीनशे वर्षांपूर्वी झालेली मागणी जणू पुन्हा झाली. १९०३ साली केंदळ येथे फादर हेन्री डोरिंग यांनी ‘निरोप्या’ हे मराठी मासिक काढिले. १९०७ साली हेच फादर डोरिंग पुण्याचे बिशप झाले. येणेप्रमाणे ज्याने खेड्यातील वाचकासाठी मराठी लेखणी उचलली होती, तोच सातारा आणि दक्षिणेकडील संस्थानी मुलखाचाही मेंढपाळ झाला. मग १९१४ साली महायुद्ध पेटले. जर्मन धर्मगुरू शत्रुराष्ट्राचे प्रजाजन ठरून प्रथम नजरकैदेत पडले व मागाहून त्यांस देशाबाहेर जावे लागले. बिशप डोरिंग आपल्या धर्मप्रांतापासून दुरावले. १९२१ साली त्यांस जपानात हिरोशिमा येथे पाठविण्यात आले आणि १९२७ सालीच ते पुण्यास परत येऊ शकले. या आपत्काळात स्वित्झर्लंडचे येशूसंघीय मदतीस धावले. तथापि धर्मगुरूंची संख्या एकाएकी रोडावली असता गावोगावच्या शाळांची दारे रोज सकाळी कोण उघडीत होते, असे कोणी विचारील, तर उत्तर एकच: मास्तर. त्यांची तैलचित्रे कोठे लागलेली नाहीत. पण धर्मप्रांताचा तो कठीण काळ निभावण्यात त्यांचा वाटा थोर आहे.

त्याच सुमारास आपल्या साताऱ्यात एक मोठे कार्य उभे राहत होते. ऐतवडे बुद्रुक या सांगलीकडील गावच्या जैन घराण्यातील भाऊराव पाटील यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली व १९२४ साली ती साताऱ्यास आणिली. सर्व जातींची मुले एका पंक्तीस जेवतील, स्वतः श्रम करतील आणि शिकतील, हा त्यांचा बाणा. वसतिगृहात धान्य संपले, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडून मुलांस जेवू घातले. १९२७ साली महात्मा गांधींनी त्या वसतिगृहास भेट देऊन शाहू छत्रपतींचे नाव दिले. भाऊराव ख्रिस्ती नव्हते. परंतु भुकेल्यास अन्न देण्याविषयी प्रभू येशूने न्यायाच्या दिवसासंबंधी जे सांगितले आहे, त्याचे याहून उघड उदाहरण आमच्या जिल्ह्यात आम्हांस ठाऊक नाही. कॅथोलिक शाळेने आपली उंची मोजावयाची, तर या शेजाऱ्याशेजारी उभे राहून मोजावी.

स्वराज्य आले आणि दिवस पालटले. १९४८ साली सांगली संस्थान विलीन झाले. १९४९ साली सातारा जिल्ह्याचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग झाले आणि १९६० साली दक्षिण साताऱ्यास सांगली हे नाव मिळाले. धर्मप्रांतातही १९४९ साली अँड्र्यू डिसोझा हे हिंदी बिशप गादीवर आले. २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या राज्यघटनेच्या तिसाव्या कलमाने अल्पसंख्याकांस आपल्या पसंतीच्या शाळा काढून चालविण्याचा हक्क दिला. अठ्ठाविसाव्या कलमाने सरकारी मदत घेणाऱ्या शाळेतील कोणत्याही मुलावर त्याच्या पालकांच्या संमतीवाचून धर्मशिक्षण लादता येणार नाही, असेही बजाविले. हे दोन्ही न्याय्य आहे. आपल्या शाळेत बहुसंख्य मुले अन्यधर्मीय असतात आणि त्यांच्या आईबापांनी आपल्यावर टाकलेला विश्वास हीच शाळेची खरी मालमत्ता होय. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ख्रिस्ती शिक्षणावर जो जाहीरनामा काढिला, त्यातही शाळांनी दरिद्री, अनाथ व श्रद्धेचे दान न लाभलेल्यांची विशेष काळजी वाहावी, असे सांगितले आहे.

आता जी गोष्ट आमच्या मनास टोचते, ती सांगतो. २००९ साली शिक्षणहक्काचा कायदा झाला व खासगी शाळांनी पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांतील मुलांस द्याव्या, असे ठरले. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांस लागू नाही, असा निर्णय दिला. घटनेने दिलेल्या हक्काचे रक्षण झाले, याचा आम्हांस आनंद आहे. परंतु धर्मबंधु-भगिनींनो, त्या निर्णयाने आपल्या शाळेचे ओझे हलके झाले, असे जो समजेल त्याने आपलाच इतिहास वाचलेला नाही. कायद्याने आपणांस जे करावयास लाविले नाही, ते सुवार्तेने फार पूर्वीच सांगून ठेविले आहे. कायद्याच्या धाकाने उघडलेले दार आणि प्रीतीने उघडलेले दार यांत, आत येणाऱ्या मुलास फरक तत्काळ कळतो.

भाषेचेही तसेच. इंग्रजी शिकू नये, असे आम्ही म्हणत नाही. आईबाप पोटास चिमटा घेऊन मुलास इंग्रजी शाळेत घालतात, त्यामागे मुलाच्या कल्याणाचीच तळमळ असते. परंतु ज्या घरात नातवंडे ‘अवर फादर’ म्हणतात आणि आजी ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणते, त्या घरात सायंकाळची प्रार्थना हळूहळू दोन खोल्यांत वाटली जाते, आणि काही दिवसांनी ती एकाही खोलीत ऐकू येत नाही. हे आम्ही घरभेटीच्या वेळी पाहिले आहे. स्टीफन्सपासून डोरिंगपर्यंतच्या परदेशी माणसांनी जी भाषा कष्टाने आपलीशी केली, ती आपल्याच मुलांस परकी होऊ देणे, हे या महोत्सवास शोभणारे नाही.

यास्तव तीन गोष्टींची विनंती करून लेख आटोपतो. पहिली ही, की जुन्या मास्तरांची व बाईंची नावे, त्यांची गावे व त्यांच्या आठवणी धर्मग्रामातील वृद्धांकडून आताच लिहून घ्याव्या; बाप्तिस्म्याच्या वह्या व शाळेचे जुने पट यांस वाळवी लागण्यापूर्वी त्यांची नक्कल करावी. दुसरी ही, की महोत्सवाच्या निधीतून रोषणाईवर खर्च होईल, त्याहून अधिक रक्कम फी न देऊ शकणाऱ्या मुलांसाठी कायमची बाजूस ठेवावी. जात व धर्म न पाहता, आणि देणाऱ्याचे नाव न लावता. तिसरी ही, की आमच्या मुलांचा धर्मशिक्षणाचा आठवड्यातील एक तास तरी मराठीत व्हावा व प्रार्थना त्यांस आजीच्या शब्दांत पाठ याव्या.

जुन्या करारातील लेवीयाच्या पुस्तकात पन्नासाव्या वर्षी शिंग फुंकून महोत्सव जाहीर करण्याची आज्ञा आहे. त्या वर्षी गहाण पडलेली जमीन मूळ धन्यास परत जाई व दास आपल्या घरी परत जाई. म्हणजे महोत्सव हे परत देण्याचे वर्ष होय. आपल्या शाळेच्या वर्गात पहिल्या रांगेत ज्याची जागा होती आणि जी काळाच्या ओघात दुसऱ्या कोणाकडे गेली, त्या मुलास आपण ओळखतो. तो आपल्याच वाडीत राहतो. येत्या जून महिन्यात शाळा उघडेल, तेव्हा त्याचे नाव पटावर असावे, एवढेच आमचे मागणे आहे.